प्रतिदर्शक

माझ्या नवऱ्याचे पहिले चार सिनेमे मला मनापासून आवडले. चारही पडले.

साधेसुधे नाही, सणकून पडले. दुसरा तर आमच्या स्वतःच्या कोल्हापुरात शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. तिसऱ्याला मी माहेरची माणसं गोळा करून नेली, तेव्हा कुठे थिएटरवाल्यानं शो सुरू केला. चौथ्याचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं, तेव्हाच खरं तर समजायला हवं होतं. मी समजले नाही. मला वाटलं, लोकांना अक्कल नाही.

संग्राम यादव हे नाव आज तुम्ही ऐकलं असेल. तेव्हा त्याला आमच्या गल्लीत ‘फिजिओ मॅडमचे मिस्टर’ म्हणत. राजारामपुरीत माझं क्लिनिक आहे. गुडघे, खांदे, पाठी. कोल्हापुरात फुटबॉल आहे तोवर फिजिओथेरपिस्ट उपाशी मरायची नाही, त्यामुळे संग्रामचे सिनेमे पडले तरी घर उभं होतं. त्याबद्दल त्यानं कधी मिंधेपणा दाखवला नाही आणि मीही कधी तोंडावर फेकलं नाही. कॉलेजपासूनची ओळख. तो नाटक बसवायचा आणि मी पहिल्या रांगेत बसून रडायचे.

त्यातूनच आमच्या घरात एक रीत पडली. सिनेमाचा कच्चा कट तयार झाला की सगळ्यात आधी तो मी बघायचा. संगीत नाही, आवाज धड नाही, मध्येच कॅमेऱ्यात कुणाचा तरी हात. दुपारच्या वेळी पडदे ओढून आम्ही सोफ्यावर बसायचो. संग्राम शेजारी असायचा, पण सिनेमा बघायचा नाही. माझं तोंड बघायचा. मी कुठे हसते, कुठे नाक ओढते, कुठे मोबाईलकडे हात जातो. मुलाखतीत तो अभिमानानं सांगायचा, “आमच्या स्वरूपानं बघितल्याशिवाय मी कट पक्का, म्हणजे लॉक, करत नाही.” माझ्या मैत्रिणी जळायच्या. त्यांचे नवरे त्यांच्या तोंडाकडे कशासाठीच बघत नव्हते.

मला ते प्रेम वाटायचं. पहिल्या दोन सिनेमांपुरतं तरी ते प्रेमच होतं, असं मी आजही धरून चालते.

पाचव्या सिनेमाला पैसे लावायला धैर्यशील नाईक नावाचे मुंबईचे निर्माते तयार झाले, तेव्हा आम्हाला आश्चर्यच वाटलं. सिनेमाचं नाव ‘मंगळवारची मॅच’. पेठेतला एक म्हातारा गोलकीपर, त्याची मुलगी, आणि दोन तालमींच्या फुटबॉल संघांमधलं जुनं वैर. नाईकसाहेबांना वैर आवडलं. त्यांची एकच अट होती. एडिटिंग ‘स्पंद’च्या सल्ल्यानं करायचं.

स्पंद ही पुण्याची कंपनी. तिचं यंत्र मला चटकन समजलं, कारण माझा धंदाच शरीराचा. माणूस गोष्टीत रमला की त्याचं शरीर काही गोष्टी आपोआप करतं. श्वास उथळ होतो, मध्येच थांबतो. पापण्या कमी लवतात. हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर एका ठरावीक तऱ्हेनं बदलायला लागतं. श्वास तुम्ही मुद्दाम रोखू शकता, पण त्या अंतराशी खेळता येत नाही, भल्याभल्यांना जमत नाही. यंत्र साबणाच्या वडीएवढं. त्यातून सूक्ष्म रेडिओलहरी निघतात, छातीवर आपटून परत येतात, आणि छाती केसभर हलली तरी त्यांना कळतं. अंगाला वायर नाही, पट्टा नाही. देशातल्या बहुतेक थिएटरांच्या छतांना ही यंत्रं लागून बरीच वर्षं झाली होती. तिकीट मोबाईलवर काढलेलं, त्यामुळे कुठल्या खुर्चीत कोण बसलंय तेही कळायचं. तिकिटाच्या अटींमध्ये ते कुठेतरी लिहिलेलं असतं म्हणे. वाचतो कोण?

पूर्वी कुठला सिनेमा चालेल हे वितरक नुसत्या नाकानं ओळखायचे. आता धंदाही बदलला होता. नटांच्या ओठांची हालचाल यंत्र हव्या त्या भाषेत बसवून देतं, त्यामुळे मराठी सिनेमा एकाच शुक्रवारी अकरा भाषांत लागतो, आणि पाटण्याच्या माणसाला तो पाटण्यातच काढलाय असं वाटतं. म्हणजे संग्रामचा सिनेमा आता पडला असता तर नुसत्या कोल्हापुरात नाही, देशभर पडला असता.

म्हणून संग्रामनं पुण्याला चकरा मारल्या आणि एके दिवशी ती साबणाची वडी घरी घेऊन आला. आमच्या टीव्हीच्या वर चिकटवली.

“हे कशाला? स्पंदकडं थिएटरं भरून माणसं आहेत की,” मी म्हणाले.

“त्यांची माणसं त्यांच्यापाशी. मला तू पाहिजेस,” तो म्हणाला. “आपली रीत आहे ती. फक्त यावेळी तोंडाऐवजी हे बघतो.” त्यानं हातातला टॅब दाखवला.

“म्हणजे मला आवडलं की रेघ वर जाणार?”

“तू रमलीस की वर जाणार.”

“आणि मग?”

“मग आम्हाला कळणार.”

काय कळणार, हे मी विचारलं नाही. तो खोटं बोलला नाही, एवढं मात्र खरं.

त्या दोन दुपारचे पेशंट मी पुढे ढकलले. चहा घेतला नाही, कारण चहानं ठोके वाढतात. जेवण हलकं घेतलं. आदल्या संध्याकाळी शेजारणीशी पाण्यावरून भांडण होणार होतं, तेही टाळलं. मला माझं मन अगदी स्वच्छ, कोरं ठेवायचं होतं. नवऱ्याच्या यंत्राला माझा खरा आकडा मिळावा, म्हणून इतका खटाटोप. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कट चांगला चार तासांचा होता, आम्ही तो दोन दुपारी बघितला. त्यात एक प्रसंग माझ्या वडिलांचा होता. माझे बाबा गडहिंग्लजला एसटीत कंट्रोलर होते. शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मी रोज त्यांचा हात हातात घेऊन बोटं हलवायचे, ‘अ’ म्हणायला लावायचे, आणि ते नुसते माझ्याकडे बघत राहायचे. मग एका संध्याकाळी टीव्हीवर मॅच चालली होती, गोलकीपरनं सोपा बॉल सोडला, आणि बाबांच्या तोंडून एक शिवी निघाली. खणखणीत, पूर्ण, इथे लिहिता येणार नाही अशी. मी हसले आणि हसता हसता जमिनीवर बसून रडले. हे संग्रामशिवाय मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यानं सिनेमात घालू का विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाले. आठवडाभर त्यानं पुन्हा विषय काढला नाही. मग मीच म्हणाले, “घाल. पण नीट कर.”

त्यानं नीट केला होता. फार सुंदर केला होता. म्हाताऱ्याच्या तोंडून शिवी निघाली आणि माझा श्वास अडकला. मी संग्रामचा हात घट्ट धरला. त्याचा दुसरा हात टॅबवर होता.

“किती वर गेलं रे?” मी डोळे पुसत विचारलं.

“लई वर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. मला वाटलं, त्याचाही गळा दाटलाय.

कट संपल्यावर मी म्हणाले, “संग्राम, हा चालणार. लिहून घे.” त्यानं मला जवळ घेतलं आणि बराच वेळ तसाच बसला.

लॉक व्हायच्या आधीचा कट त्यानं मला दाखवला नाही. म्हणाला, पार्श्वसंगीत अजून अर्धवट आहे, यावेळी थिएटरातच बघ, मजा येईल. मला थोडं लागलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पण सिनेमा मोठा होता, नाईकसाहेबांची घाई होती, मी समजून घेतलं. समजून घेणं ही माझी जुनी खोड.

शुक्रवारी पहिला शो. थिएटर खच्चून भरलेलं, तालमींची पोरं झेंडे घेऊन आलेली. पडद्यासमोर नारळ फोडला. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. सुरुवातीला म्हातारा फाटके हातमोजे शिवत बसतो, ते नव्हतं. ठीक आहे, लांबी कमी केली असेल. मग सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवणारी मुलगी, ती नव्हती. अबोला धरलेले दोन भाऊ एकाच मोटारसायकलवरून जातात आणि मध्ये पिशवी ठेवतात, ते नव्हतं. जे होतं ते जोरात होतं. मारामाऱ्या, गाणी, घोषणा, शेवटच्या क्षणी अडवलेला गोल. पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती.

मी शिवीची वाट बघत बसले. म्हाताऱ्याला झटका येतो, दवाखान्यात नेतात, आणि पुढच्याच दृश्यात तो काठी टेकत मैदानावर हजर. मधलं सगळं गेलं होतं. माझे बाबा गेले होते.

बाहेर आल्यावर मी संग्रामला गाठलं. लोक त्याला खांद्यावर घ्यायच्या बेतात होते.

“बाबांचा प्रसंग कुठाय?”

“लांबी, स्वरूपा. नाईकसाहेब ऐकेनात. नंतर बोलू,” तो म्हणाला, आणि खरंच त्याला कुणीतरी खांद्यावर घेतलं.

‘मंगळवारची मॅच’ किती चालला ते मी सांगायला नको. पहिल्या रविवारी रात्रीचे जादा शो लावावे लागले. आसाममध्ये, केरळात, जिथे आमची पेठ कुणाला ठाऊक नाही तिथेही लोक आमच्या तालमींच्या घोषणा देत होते. त्या वर्षीचा देशातला सगळ्यात जास्त गल्ला करणारा सिनेमा. क्लिनिकमध्ये पेशंट पेढे घेऊन यायला लागले. मीही हसून पेढे खाल्ले. नवरा जिंकत असताना बाबांच्या एका प्रसंगासाठी तोंड पाडून बसायचं, तर मी कसली बायको?

यशाची पार्टी पुण्यात झाली. तिथे एक ठेंगणी, चष्मेवाली बाई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. स्पंदच्या मुख्य संशोधक, डॉ. मंजिरी केळुसकर.

“स्वरूपाताई, कधीची भेटायची इच्छा होती. या यशात तुमचा वाटा सगळ्यात मोठा आहे, खरं सांगते.”

“माझा कसला? मी नुसती सोफ्यावर बसले.”

“तेच तर!” त्या हसल्या. “इतका स्वच्छ प्रतिदर्शक मी आयुष्यात पाहिला नाही.”

तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना वाटलं मला ठाऊक आहे, आणि कामावर प्रेम असलेली माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत. सिनेमा चालायला शंभर कारणं असतात, त्या म्हणाल्या, सुट्टी, नट, जाहिरात, हवा. त्यामुळे चाललेला सिनेमा कुणाला आवडला यावरून काहीच कळत नाही; तो सगळेच बघतात, सगळ्यांनाच थोडाबहुत आवडतो. पण पडलेल्या सिनेमांची गोष्ट वेगळी. देशभरातली नोंद चाळताना त्यांच्या लक्षात आलं की पडणाऱ्या सिनेमांमध्ये जीव ओतून रमणारी माणसं पुन्हा पुन्हा तीच आहेत. हजारात एखादं माणूस, त्याला त्या प्रतिदर्शक म्हणत. वय, शिक्षण, भाषा, काही सारखं नाही. फक्त त्यांना जे आतून भिडतं ते बाकीच्यांना भिडत नाही, आणि हे इतकं न चुकता होतं की त्यावर पैज लावावी. अशा माणसाचा श्वास जिथे अडकतो, तिथे थिएटरातले लोक मोबाईल काढतात.

“तुम्ही दर गुरुवारी एकट्या सिनेमाला जाता ना? त्यातूनच सापडलात,” त्या म्हणाल्या. “यादवसर पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना देशातल्या सगळ्यात प्रभावी प्रतिदर्शकाची खुर्ची दाखवली, कोल्हापूर, गुरुवारचा दुपारचा शो. त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, ही माझी बायको आहे.”

“मग?”

“मग काय, सोपं झालं. जिथे तुमची रेघ वर गेली, तेवढं काढलं. सर म्हणाले, तुमची परवानगी आहे, पण सिनेमा लागेपर्यंत तुमच्याशी कुणी बोलायचं नाही, तुम्ही बुजाल. खरं तर कळलं असतं तरी फरक पडला नसता. शरीर कुठे ऐकतं?” बोलता बोलता त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचे हात सैल झाले. “तुम्हाला... ठाऊक होतं ना?”

“हो तर,” मी म्हणाले. नवऱ्याची लाज झाकायची सवय हाडात मुरलेली असते. ती त्याही क्षणी सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीनं कोल्हापूरला निघालो. संग्राम शीळ घालत होता. सातारा आल्यावर मी विचारलं.

“बाबांचा प्रसंग लांबीसाठी काढलास की मी रडले म्हणून?”

शीळ थांबली. शेवटी कराडच्या अलीकडे त्यानं एका हॉटेलासमोर गाडी लावली, पण उतरला नाही.

“तू रडलीस म्हणून,” तो म्हणाला.

“माझा हात धरून बसला होतास तू.”

“धरला होता. खरंच धरला होता गं. त्यात खोटं नव्हतं काही.”

“आणि दुसऱ्या हातानं खूण करालतास, हे काढा, ते काढा.”

“मग काय करू?” तो एकदम उसळला. “चार सिनेमे, स्वरूपा! चारी तुला आवडले. तू म्हणायचीस, हा चालणार, लिहून घे. मी लिहून घ्यायचो. अख्खी उमेद गेली माझी. लोक रस्ता बदलून जायचे. त्या बाईंनी मला खुर्ची दाखवली तेव्हा पायाखालची जमीन सरकली, पण तुला एकदा तरी दोष दिला मी? दिला का? तुझ्यावर ओरडलो? तुला दुखवायचं नव्हतं म्हणून तर सांगितलं नाही.”

“यंत्र यायच्या आधी तुला शंका होती?”

तो स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसायला लागला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. मला उत्तर मिळालं.

“कधीपासून?”

“तिसऱ्यापासून,” तो हळूच म्हणाला. “वाटायचं फक्त. तुला ज्याच्यात रडू येतं, तिथंच लोक उठून जातात, असं.”

मी गाडीतून उतरले. राग आला होता, पण त्याहून मोठी होती ती लाज. कुणी माझी पैशाची फसवणूक केली असती तर मी भांडले असते. संग्रामनं माझ्यातली सगळ्यात खरी गोष्ट घेतली होती, जिथे मी काही आवरत नाही, काही लपवत नाही ती, आणि कचरा कुठाय ते बघायला वापरली होती. मी उघडी होऊन बसले होते आणि तो माप घेत होता. तेही माझ्या बापाच्या प्रसंगावर. मी रिक्षानं कराड गाठलं, तिथून एसटी पकडली आणि गडहिंग्लजला आईकडे गेले. आईनं विचारलं, काय झालं, आणि मला सांगताच येईना. ‘मला सिनेमा आवडला म्हणून’ असं कसं सांगायचं?

महिन्याभरानं परत आले. क्लिनिक होतं, पेशंट होते, घर माझ्याही नावावर होतं. संग्राम घरात अंग चोरून वावरायचा. माझ्या आवडीची भाजी आणायचा, पेपर आधी मला द्यायचा. सॉरी हा शब्द त्यानं एकदाही उच्चारला नाही. मला वाटतं, त्याला येत नव्हता. आणि मी वाट बघत होते, हेही खरं. इतकं होऊनही मी त्या एका शब्दाची वाट बघत होते, कारण तो आला असता तर मी विरघळले असते, अशी मला स्वतःबद्दल खात्री होती.

गुरुवारचा दुपारचा शो मात्र मी सोडला नाही. तिथे वेगळंच काहीतरी होत होतं. सिनेमा संपायचा आणि मला काही आठवायचं नाही. सगळे सिनेमे चांगले होते, गुळगुळीत, कुठे अडखळणं नाही. आजूबाजूचे लोक हसत, रडत, शिट्ट्या मारत. मी आपली बसलेली, लग्नात ओळखीचं कुणीच भेटू नये तशी. शेवटी एकदा केळुसकरांना फोन लावला.

“आता सगळेच निर्माते प्रतिदर्शक वापरतात,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पडलेला होता. “नागपूरच्या एक शिक्षिका आहेत, भोपाळचे एक वकील. तुमच्यासारखी माणसं शोधून शोधून बसवतात. बहुतेकांना ठाऊकही नसतं.”

“आणि आम्हाला आवडेल ते सगळं कापतात.”

“हो.”

“मग आमच्यासाठी सिनेमा कोण काढणार, डॉक्टर?”

“तसा तो कुणीच कधी काढत नव्हतं, स्वरूपाताई. आजवर चुकून निघायचा. आता चूक होत नाही.”

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा संग्रामचा पुढचा सिनेमा तयार झाला. यावेळी पैसे दुप्पट लागले होते, आणि नाईकसाहेबांनी मला परस्पर फोन करून कट बघण्याचं मानधन देऊ केलं. मी फोन ठेवून दिला. मग एका दुपारी संग्राम क्लिनिकमध्ये आला. पेशंटच्या स्टुलावर बसला.

“एकदाच बघ,” तो म्हणाला. “नाईकसाहेबांसाठी नको. माझ्यासाठी बघ. काहीतरी आहे त्यात.”

“काय आहे?”

“बघितलंस की कळेल.”

नाही म्हणायला माझी जीभ उचलली होती. पण मलाही एक गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याच्याकडे बघून आता मला काय वाटतं, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. राग निवला होता. खाली काही उरलंय की नाही, हे बघायचं माझ्याकडे साधन नव्हतं. त्याच्याकडे होतं.

“बघते,” मी म्हणाले. “पण टॅब माझ्या मांडीवर राहील.”

रविवारी दुपारी पडदे ओढले. सोफ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. सिनेमा एसटीच्या एका ड्रायव्हरचा होता. चांगला होता, वेगवान, विनोदी. टॅबवर माझी रेघ तळाशी सरळ पडून होती. संग्राम अधूनमधून तिकडे डोकावायचा आणि खांदे सैल सोडायचा. धंद्याच्या हिशेबानं सगळं उत्तम चाललं होतं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. ड्रायव्हर दुपारचा घरी येतो. बायको भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजलेले. तो तिच्या पायांशी बसतो, तेलाची वाटी घेतो आणि तळवे चोळायला लागतो. मग तो मान खाली घालूनच म्हणतो, “मी तुला वापरलं. मला कळत होतं, तरी वापरलं. तू माझ्यावर विश्वास टाकून बसली होतीस आणि मी तिथंच हात घातला. माफ कर म्हणायला तोंड नाही मला, तरी म्हणतो. माफ कर.” बायको पाय मागे घेत नाही, एवढंच. पुढे काही नाही.

संगीत नव्हतं, कॅमेरा हलत नव्हता. हा प्रसंग कुणासाठी लिहिलाय हे कळायला मला यंत्राची गरज नव्हती. शेजारी संग्रामचा श्वास अडकला होता. तो पडद्याकडे बघत नव्हता, टॅबकडेही नाही. फार वर्षांनी तो पुन्हा माझं तोंड बघत होता.

मी टॅबवर नजर टाकली.

रेघ सरळ होती. जराही हलली नव्हती. मी थांबले, उशिरानं हलेल म्हणून. पुढचा प्रसंग सुरू झाला, बसचा टायर फुटला, प्रवासी भांडायला लागले, आणि रेघ तशीच सरळ जात राहिली. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. वाईट वाटलं असतं तरी रेघ वर गेली असती.

सिनेमा संपला तसा संग्रामचा फोन वाजला. आकडे पुण्याहून थेट मुंबईला पोचले होते. नाईकसाहेबांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. “यादव, अख्ख्या सिनेमात एक काटा हलला नाही! रेकॉर्ड मोडणार आपण! आहे तसा लॉक करा!” संग्राम हं, हं म्हणत राहिला आणि मग त्यानं फोन उलटा ठेवला.

“तिथंसुद्धा नाही?” त्यानं विचारलं.

मी टॅब त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो प्रसंग शोधला, बोटानं रेघ मोठी करून बघितली, आणखी मोठी केली. त्याचे डोळे भरून आले.

“तो मी तुझ्यासाठी लिहिला होता, स्वरूपा. घरात बोलता येईना. दोन वर्षं रोज ठरवायचो. तोंडातून शब्दच निघाला नाही, म्हणून...”

“कळलं मला.”

“मला वाटलं होतं, तिथं तुझी रेघ वर जाईल. आणि गेली की मी तो काढणार होतो. लोकांना दाखवायला नव्हताच तो. तेवढा आपल्या दोघांतच ठेवणार होतो.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “आताही काढतो. नाईक काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझ्यासाठीचं होतं ते, कुणी दुसऱ्यानं बघायचं काय कारण?”

मी उठले, पडदे बाजूला केले आणि चपला घातल्या. संध्याकाळचे पेशंट यायची वेळ झाली होती.

“काढू नकोस,” मी म्हणाले. “लोकांना आवडेल.”